थेरपिस्टला काय विचारावं आणि उत्तर कसं ऐकावं

पहिल्यांदा फोन करणारी बहुतेक माणसं मला दोनच प्रश्न विचारतात. तुमचं शिक्षण काय, आणि वेळ कधीची मिळेल? तिसरा प्रश्न ओठांवर आलेला असतो, पण विचारायला संकोच वाटतो. तुम्ही माझ्यासाठी नेमकं काय करणार? हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वेळ, पैसे आणि आजवर कुणाला न सांगितलेलं बरंच काही तुम्ही एका अनोळखी माणसाच्या हवाली करणार असता. म्हणून थेरपिस्टची पार्श्वभूमी आणि पद्धत यांबद्दल काय विचारावं, मिळालेलं उत्तर कसं पारखावं, आणि पुढे काम नीट चाललंय की नाही हे कसं ओळखावं, ते इथे लिहिते आहे. जिथे जमेल तिथे मी स्वतः काय उत्तर देते तेही सांगते. उदाहरणांतल्या माणसांचे तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.

फोन करण्याआधी

एक कागद घ्या आणि काय बदलायला हवं ते डोळ्यांना दिसेल अशा शब्दांत लिहा. 'मला आत्मविश्वास हवाय' असं कुणी म्हणालं की त्यामागची तळमळ मला कळते, पण काम कुठून सुरू करायचं ते कळत नाही. 'बैठकीत मुद्दा सुचला की तो त्याच बैठकीत बोलता यावा' असं लिहिलेलं असेल, तर आम्ही पहिल्याच दिवशी कामाला लागू शकतो. त्याच कागदावर त्रास कधीपासून आहे, कशाने वाढतो, आजवर काय करून पाहिलं, कोणती औषधं चालू आहेत आणि झोप कशी आहे, एवढंही टिपून ठेवा. ऐन वेळी यातलं अर्धंअधिक आठवत नाही.

दुसरं काम डॉक्टरांकडे जाऊन एकदा तपासून घेण्याचं. याबाबतीत मी थोडी हट्टी आहे. थायरॉइडचं काम मंदावलं की थकवा, उदासी, कशातच रस न वाटणं अशी लक्षणं दिसतात आणि ती नैराश्यासारखीच भासतात. तेच काम वाढलं की छातीत धडधड, हाताला कंप, अस्वस्थपणा, म्हणजे हुबेहूब चिंतेसारखं चित्र. रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडखळणं, काही औषधांचे दुष्परिणाम, दिवसभर घेतलेलं कॅफिन, यांचाही मनावर परिणाम होतो. यातलं काही निघालं म्हणून थेरपी नको असा अर्थ होत नाही. मात्र ते तसंच राहिलं तर आम्ही दोघं महिनोन्महिने चुकीच्या जागी खणत बसू.

कोणाकडे जायचं यातही गोंधळ असतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर असतात, ते निदान करतात आणि औषध लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रीय चाचण्या, मूल्यमापन आणि थेरपी करतात. समुपदेशक बहुधा आयुष्यातल्या पेचप्रसंगांवर, नात्यांवर, निर्णयांवर काम करतात. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी 'थेरपिस्ट' अशी पाटी लावण्यापासून कायदा कुणालाच अडवत नाही. त्यामुळे पदवी कोणत्या विषयातली, नोंदणी कुठे आहे, प्रत्यक्ष माणसांबरोबर देखरेखीखाली किती काम केलं, हे थेट विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. इतरांना न ऐकू येणारे आवाज येत असतील, दिवसचे दिवस झोप नसूनही अंगात उत्साह मावत नसेल, खाणंपिणं सुटलं असेल, तर सायकिअ‍ॅट्रिस्टला आधी गाठा. थेरपी त्याच्या जोडीने चालू शकते.

पार्श्वभूमी: काय विचारायचं

मी आधी फिजिओथेरपिस्ट होते. खांदा, कंबर, गुडघा हे माझं रोजचं काम. शस्त्रक्रिया उत्तम झालेली, एक्स-रे व्यवस्थित, मी हाताने वाकवला तर सांधा वाकतोय, आणि तरी माणूस त्या पायावर भार द्यायला तयार नाही, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं. दुखेल या धास्तीने तो पाय जपायचा. जपल्यामुळे स्नायू दुबळे व्हायचे. दुबळे झाल्यामुळे थोडं चाललं तरी दुखायचं, आणि दुखलं की धास्ती खरी ठरल्यासारखी वाटायची. भीती आणि टाळाटाळ यांच्या या चक्रावर १९८० च्या दशकापासून संशोधन चालू आहे, पण मला ते वाचनातून कळायच्या आधी रुग्णांच्या चालीतून कळलं होतं. स्नायूचं काय करायचं ते मला येत होतं, धास्तीचं काय करायचं ते येत नव्हतं. म्हणून मी मानसशास्त्राकडे वळले. रीतसर पदव्युत्तर शिक्षण घेतलं, रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केलं आणि पुढे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीचं, म्हणजे सीबीटीचं, प्रशिक्षण घेतलं.

आता, ही कहाणी ऐकून तुम्हाला काय मिळतं? एवढंच, की शरीरातून बोलणाऱ्या चिंतेची मला सवय आहे, आणि मोठं धाडस मागण्यापेक्षा मोजून-मापून छोटी हालचाल मागण्याकडे माझा कल आहे. थेरपिस्टने स्वतःबद्दल काहीही सांगितलं तरी मनातल्या मनात हाच प्रश्न करा, की यामुळे माझ्याबरोबरच्या कामात काय वेगळं होणार? शिक्षिका, परिचारिका, कामगारांमध्ये काम केलेला समाजसेवक असे पूर्वायुष्य असलेले कितीतरी चांगले थेरपिस्ट आहेत. त्यांच्या अनुभवाचा उपयोग त्यांना दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे.

त्यानंतर विचारा, 'तुम्ही कोणाबरोबर काम करत नाही?' माझं उत्तर ठरलेलं आहे. लहान मुलांबरोबर मी काम करत नाही, जोडप्यांबरोबर करत नाही, आणि व्यसनमुक्तीसाठी त्यातल्या जाणत्या सहकाऱ्यांकडे पाठवते. कुणी म्हणालं की माझ्याकडे सगळ्या वयांसाठी सगळ्यावर उपाय आहे, तर तिथे जरा जपून.

तिसरा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, पण मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो: 'तुम्ही तुमच्या कामाबद्दल कोणाशी चर्चा करता?' थेरपिस्टने आपलं काम दुसऱ्या अनुभवी थेरपिस्टसमोर नियमित मांडावं, याला सुपरव्हिजन म्हणतात. तिथे माणसाची ओळख लपवून पेच मांडला जातो. मी कुठे घाई करते आहे, कुणाचा मला उगाच राग येतो, कुणाची जास्तच काळजी वाटते, हे तिथे उघडं पडतं. वर्षानुवर्षं काम केलेल्यालाही त्याची गरज असते.

आणि मग तो नाजूक प्रश्न. 'तुम्हाला स्वतःला कधी असं झालंय का?' विचारायला हरकत नाही. उत्तर किती द्यायचं हे थेरपिस्ट ठरवेल. या बाबतीत मार्शा लिनेहन यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. स्वतःला इजा करणाऱ्या, टोकाच्या भावनांशी झुंजणाऱ्या माणसांसाठी त्यांनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, घडवली. त्या स्वतः १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, याच त्रासासाठी मनोरुग्णालयात दाखल होत्या, आणि हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते थेट २०११ मध्ये. मधल्या काळात असंख्य लोकांना डीबीटीचा उपयोग झाला, लिनेहन यांचा भूतकाळ माहीत नसताना झाला. त्यामुळे 'जिच्यावर गुदरलंय तिलाच कळेल' ही अट घालून बसू नका. गुदरलेलं असणं हे कौशल्य नव्हे. कधी कधी तर ते आड येतं, कारण समोरच्याच्या गोष्टीत आपलीच गोष्ट ऐकू यायला लागते.

मला कुणी विचारलं तर मी सांगते, की हो, मीही थेरपी घेतली आहे, त्या दुसऱ्या खुर्चीत बसून बोलताना शब्द कसे घशात अडकतात ते मला ठाऊक आहे. पुढचा तपशील मी देत नाही. थेरपिस्टने स्वतः थेरपी घेतलेली असावी, ही अपेक्षा तशी जुनी आहे. दुसऱ्याचं मनोविश्लेषण करणाऱ्याने आधी स्वतःचं करून घ्यावं, या आग्रहाचं श्रेय फ्रॉइडने १९१२ मध्ये झुरिकच्या मनोविश्लेषक मंडळींना दिलं होतं. उत्तर ऐकताना एवढं बघा, की बोलणं थोडक्यात आटोपून पुन्हा तुमच्याकडे वळतंय का. तुमच्या वेळात थेरपिस्ट स्वतःचंच सांगत राहिला, तर ते लक्षात ठेवा.

पद्धत: एकाच अडचणीवर वेगवेगळे रस्ते

पद्धतींची नावं पाठ करून काही साधत नाही. एकच अडचण घेऊन बघू.

एक गृहस्थ. लिफ्टमध्ये असताना एकदा त्यांना अचानक प्रचंड घाबरायला झालं. छाती धडधडली, हातापायांना मुंग्या आल्या, आता आपण कोसळणार असं वाटलं. हृदयाच्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. पण तेव्हापासून ते जिनाच चढतात. वरच्या मजल्यावरच्या कचेरीतली चांगली नोकरी त्यांनी नाकारली.

मनोविश्लेषणाच्या परंपरेतली थेरपिस्ट विचारेल, की हे नेमकं याच काळात का घडलं, बंदिस्त होण्याची, सुटका नसण्याची ही जाणीव आयुष्यात आणखी कुठे आहे. ती घाई करणार नाही, आणि तिच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं यातूनही ती जुन्या नात्यांचे धागे शोधेल. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वाटेने जाणारा थेरपिस्ट तुमच्या अनुभवाच्या अगदी जवळ राहील, सल्ला देणार नाही, आणि तुम्हाला तुमचा आवाज सापडेपर्यंत सोबत करेल. सीबीटीवाली विचारेल, की त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं. ही पद्धत १९६० च्या दशकात आरन बेक यांनी मांडली. ते मुळात मनोविश्लेषणातच तयार झालेले. नैराश्याच्या रुग्णांच्या मनात भराभर येऊन जाणाऱ्या नकारात्मक वाक्यांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि उपचाराची दिशाच बदलली. त्याच सुमारास, थोडं आधीच, अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचार पुढे आणला. तो 'असं झालंच पाहिजे' या हट्टाला थेट हात घालतो. स्वीकारावर भर देणारी एसीटी, म्हणजे अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, म्हणेल, की भीती जाण्याची वाट का बघायची, तिला बरोबर घेऊन त्या नोकरीच्या दिशेने चालायला लागू.

मी काय केलं ते आता जरा जवळून सांगते.

पहिल्यांदा आम्ही त्यांचं भाकीत लिहून काढलं. त्यांच्याच शब्दांत: 'दार उघडणार नाही, श्वास कोंडेल, मी बेशुद्ध पडेन.' यावर किती विश्वास? शंभरपैकी नव्वद. मग मी त्यांना सांगितलं, की घाबरल्यावर साधारणपणे रक्तदाब वाढतो, आणि बेशुद्ध पडायला तो खाली यावा लागतो. रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्यांचं वेगळं, त्यांचा दाब खरंच घसरतो, पण यांना तसं कधी झालेलं नव्हतं. माहिती पटली. विश्वास मात्र नव्वदवरून सत्तरवर आला, तेवढाच. माहितीने एवढंच होतं, म्हणून मी तिथे थांबत नाही.

पुढच्या वेळी, डॉक्टरांचा होकार घेऊन, मी त्यांना खुर्चीत बसून मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला. मीही त्यांच्याबरोबर घेतला. अर्ध्या मिनिटात बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, आणि ते थांबून म्हणाले, 'अहो, हेच ते!' लिफ्टमधली तीच संवेदना माझ्या खोलीत, दार उघडं असताना, त्यांनी स्वतः आणली होती आणि ती आपोआप ओसरली होती. (हा प्रयोग एकट्याने, घरी करू नका. हृदयविकार, दमा, फिट येणं किंवा गरोदरपण असेल तर तो टाळावा लागतो.)

मग पायऱ्या ठरवल्या. लिफ्टसमोर उभं राहणं. दार उघडं ठेवून आत एक पाय. माझ्यासोबत एक मजला. एकट्याने एक मजला, मी वर उभी. एकट्याने तीन मजले. गर्दीच्या वेळी. प्रत्येक पायरीला भीतीचा शून्य ते शंभर असा आकडा. पायऱ्या आणि आकडे दोन्ही जोसेफ वोल्पी यांच्या १९५० आणि ६० च्या दशकांतल्या कामातून आलेत. वोल्पींनी त्याला शरीर सैल सोडण्याची जोड दिली होती. आता बरेच जण तसं करत नाहीत, मीही करत नाही. भीती शून्यावर आणण्याच्याही मागे मी लागत नाही. भाकीत केलेलं घडलं का, हे त्यांनी स्वतः पाहणं माझ्या लेखी जास्त महत्त्वाचं.

तिसऱ्या पायरीवर मला एक गोष्ट दिसली. एका हातात फोन, त्यावर पत्नीचा नंबर लावून तयार. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. पाठ भिंतीला घट्ट टेकलेली. वर पोचल्यावर ते म्हणाले, 'जमलं, पण बाटली होती म्हणून.' हे ऐकणं फार गरजेचं असतं. बाटली असेपर्यंत सुटकेचं श्रेय बाटलीला जातं. मग तीच पायरी बाटली बाहेर ठेवून केली, नंतर फोन खिशात ठेवून, नंतर भिंत सोडून मधोमध उभं राहून. फिजिओथेरपीत कुबडी काढताना आम्ही जे करतो त्याहून हे वेगळं नाही. एकदम हिसकावून घ्यायची नाही, आणि पाय धरल्यावर उगाच ठेवायचीही नाही.

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण पद्धत विचारल्यावर तुम्हाला साधारण असं चित्र मिळायला हवं. 'मी सगळ्या पद्धती गरजेप्रमाणे वापरते' हे उत्तर खोटं असेलच असं नाही, अनुभवी माणसं खरंच तसं करतात. पण त्यावर पुढचा प्रश्न टाका: 'माझ्या बाबतीत पहिल्या चार सेशनमध्ये आपण काय करू?' तिथे ठोस काही येतंय का ते ऐका.

काही त्रासांसाठी पद्धतीचं नाव विचारावंच लागतं. ओसीडी असेल, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं, नको ते विचार आणि ते शमवण्यासाठीच्या कृती, तर 'एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन करता का?' असं स्पष्ट विचारा. म्हणजे भीती वाटणाऱ्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं आणि ती शमवणारी कृती करायची नाही. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये त्याची पहिली उदाहरणं मांडली, आणि आज ओसीडीवरचा तो पहिल्या पसंतीचा मानसोपचार आहे. ओसीडीत 'काही होणार नाही हो' असा वारंवार दिलासा देत राहणं त्रास वाढवू शकतं, आणि ते माहीत नसलेला प्रेमळ थेरपिस्टही नकळत तेच करतो. अपघात, अत्याचार, हिंसा यांच्या आठवणी पुन्हा पुन्हा अंगावर येत असतील तर आघातावर केंद्रित सीबीटी किंवा फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाअखेरीस मांडलेली ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची जोड देऊन आठवणींवर काम करणारी पद्धत) यांचं प्रशिक्षण आहे का ते विचारा. बराच काळ चाललेल्या निद्रानाशासाठी झोपेची खास सीबीटी असते. नैराश्यात एकाहून अधिक रस्ते उपयोगी पडतात, तिथे नावापेक्षा माणूस जास्त बघा.

नातं

माणूस बघा म्हणजे काय? १९३६ मध्ये सॉल रोझेनत्स्वाइग यांनी म्हटलं होतं, की इतक्या वेगवेगळ्या पद्धतींनी लोक बरे होत असतील तर त्या सगळ्यांत समान असं काही काम करत असणार. १९५७ मध्ये रॉजर्स यांनी थेरपिस्टकडे काय असायला हवं ते मांडलं: प्रामाणिकपणा, विनाअट आदर आणि समोरच्याच्या जागी उभं राहून समजून घेणं. मला मात्र रोजच्या कामात सगळ्यात उपयोगी पडते ती एडवर्ड बॉर्डिन यांची १९७९ ची मांडणी. त्यांनी या नात्याचे तीन भाग केले: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला जिव्हाळा.

तिसऱ्या-चौथ्या सेशननंतर हे तीन भाग स्वतःशी तपासून बघा. आम्ही कशासाठी भेटतोय, हे दोघंही सारख्याच शब्दांत सांगू का? जे करतोय ते का करतोय, हे मला कळतंय का? आणि हा माणूस माझ्या बाजूचा आहे असं वाटतंय का? लोक तिसऱ्यावरच अडून बसतात. गप्पा छान होतात, मन मोकळं होतं, एवढ्यावर वर्ष निघून जातं आणि कागदावर लिहिलेलं तसंच राहतं. उलटही होतं. कामाची दिशा बरोबर असते, पण एखादं वाक्य लागतं आणि माणूस न सांगता येणं बंद करतो.

तसं करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. लागलेलं बोलून दाखवा. वाक्य तयार ठेवा: 'मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की मी टाळतोय, ते मला लागलं. आठवडाभर डोक्यात होतं.' किंवा, 'हा गृहपाठ मला जमत नाहीये आणि सांगायला लाज वाटतेय.' किंवा, 'मला वाटतं आपण भरकटलोय.' नात्यात पडलेली अशी चीर दोघांनी मिळून सांधली, की काम बऱ्याचदा पहिल्यापेक्षा खोल जातं. यावर जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन यांनी पुष्कळ संशोधन केलं आहे. समोरून कसा प्रतिसाद येतो तोच तुमचा पुरावा. कुतूहलाने ऐकून घेतलं, आपल्याकडून काय झालं ते मान्य केलं, तर थांबा. तुमचंच कसं चुकलं हे पटवायला घेतलं आणि पुन्हा सांगूनही तेच झालं, तर दुसरीकडे जा. थेरपिस्ट बदलणं म्हणजे तुमचं अपयश नाही, आणि त्यासाठी परवानगीही लागत नाही.

पहिल्या दिवशी

सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं असतं. पहिल्यात मीच जास्त प्रश्न विचारते. घरी कोण कोण, आजारपणं, झोप, दारू-सिगारेट, काम. आणि मरणाचे विचार येतात का, हेही मी प्रत्येकाला सरळ शब्दांत विचारते. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार रुजतो, ही समजूत चुकीची आहे. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, आणि अनेकांच्या खांद्यावरचा भार त्या प्रश्नानेच हलका होताना मी पाहिला आहे.

गोपनीयतेबद्दल तिथेच बोलून घ्या. मी सांगते, की इथलं बाहेर जाणार नाही, मात्र तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं किंवा न्यायालयाने मागितलं, तर माझे हात बांधलेले असू शकतात. नेमके नियम त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर ठरतात, म्हणून थेरपिस्टकडून ते स्पष्ट वदवून घ्या. नोंदी कुठे ठेवता, घरच्यांनी फोन केला तर काय सांगता, सेशन रद्द केलं तर शुल्क लागतं का, दोन भेटींच्या मधे मेसेज केला तर चालतं का, हेही विचारा. शेवटच्यावरून गैरसमज फार होतात. मी वेळ बदलण्यापुरतेच मेसेज घेते. तातडीच्या प्रसंगी माझ्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही, जवळच्या माणसाला लगेच जवळ बोलवायचं आणि रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा, हे आम्ही पहिल्याच दिवशी नाव-नंबरांसकट कागदावर लिहितो.

काही गोष्टींना मात्र दुसरी संधी द्यायची नाही. शारीरिक किंवा प्रेमाच्या जवळिकीचा प्रयत्न, इतर माणसांच्या गोष्टी ओळख पटेल अशा सांगणं, डॉक्टरांना न विचारता औषध बंद करायला लावणं, अमुक दिवसांत बरं करून देण्याची हमी, तुम्हाला हळूहळू सगळ्या आपल्या माणसांपासून तोडणं. यातलं काहीही दिसलं की बाहेर पडा, आणि नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे तक्रार करा.

बरं वाटतंय की बरं होतंय

सेशनहून निघताना हलकं वाटणं चांगलंच. तरी मी मोजते. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती त्रास झाला ते विचारते, गुण शून्य ते २७. चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-७, गुण शून्य ते २१. दोन्ही मोफत उपलब्ध आहेत आणि भरायला काही मिनिटं लागतात. पीएचक्यूवर पाच गुणांची घट ही साधारणपणे दखल घेण्याजोगी मानली जाते. एकट्या आकड्यावरून निदान होत नाही. पण आठ-दहा भेटींनंतरही रेषा जागची हलली नसेल, तर मी तो कागद आमच्या दोघांच्या मधे ठेवते आणि काय बदलायचं ते विचारते: पद्धत, गती, औषधाचा विचार की थेरपिस्ट? तुमची थेरपिस्ट हे करत नसेल, तर तुम्ही भरून न्या आणि दाखवा.

मधल्या दिवसांत काय करता यावर बरंच अवलंबून असतं. आठवड्याचे १६८ तास, त्यातला माझ्यासमोर जेमतेम एक. गृहपाठ जमला नाही तर 'जमला नाही' असं सांगायला या, रद्द करू नका. का जमला नाही, यातच पुढच्या कामाची किल्ली असते. मधेच आठवडाभर त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, विशेषतः टाळलेल्या गोष्टींना सामोरं जायला लागल्यावर. तो किती वाढला, किती दिवस टिकला, ते लिहून आणा, म्हणजे गती कमी करायची का ते ठरवता येतं.

थांबायचं कसं, हेही आधी ठरवून घ्यावं. मी शेवटाकडे येताना भेटींमधलं अंतर वाढवत नेते. आठवड्याऐवजी पंधरवडा, मग महिना. शेवटच्या भेटीत आम्ही एक कागद भरतो. माझी धोक्याची पहिली खूण कोणती? (त्या गृहस्थांनी लिहिलं होतं: 'आज पायाला व्यायाम म्हणून जिन्याने जातो, असं मी स्वतःला सांगायला लागलो की.') ती दिसली तर पहिल्या आठवड्यात मी काय करेन? कोणाला सांगेन? आणि किती दिवसांत फरक पडला नाही तर पुन्हा फोन करेन? या शेवटच्या ओळीत मी दोन आठवडे लिहायला सुचवते. कागदाची एक प्रत तुमच्याकडे राहते, एक माझ्या फाइलमध्ये.